चाकांचे टॉवेल वेगळे

प्रिय बारक्या,

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये, कळतं मला. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलं तेव्हा कुणा परक्यालाच पत्र धाडतेय असं वाटलं, म्हणून आत तरी बारक्याच राहू दे. फोन केला असता. पण फोनवर तू "बरं चाललंय" म्हणतोस, मीही "बरं चाललंय" म्हणते, आणि दोघंही थापा मारून फोन ठेवतो. कागदावर तसं जमत नाही. लिहायला बसलं की हात थांबतो आणि मग खरंच काहीतरी लिहावं लागतं.

दुकानामागच्या खोलीत बसलेय. दुपार आहे, मशीनमध्ये निळ्या टॉवेलांची फेरी लागली आहे, अजून अर्धा तास तरी मोकळा. मोकळा म्हणजे काय, बसून राहायचा. हल्ली बसलं की उठवत नाही आणि उठलं की बसवत नाही. गुडघे कुरकुरतात, बोटांच्या पेरांना सकाळी घट्टपणा येतो. तुझ्या भावोजींनी कमरेला पट्टा लावलाय. गाडीचं छप्पर पुसताना "आई गं" म्हणतात आणि गिऱ्हाईक आलं की ते खोकल्यात घालवतात. पॉलिशला दोन नवे कारागीर आहेत. एक तोंड मिटत नाही, दुसरा उघडत नाही. काम दोघांचंही बरं आहे. तुझ्यासारखं नाही, पण ते मी त्यांना कशाला सांगू.

टॉवेल मात्र अजून तुझ्याच पद्धतीने धुते. तू यायच्या आधी मला फडकं म्हणजे फडकं एवढंच माहीत होतं. तू पहिल्याच आठवड्यात चार बादल्या मांडल्यास. निळे गाडीच्या अंगाला, पिवळे पॉलिश पुसायला, हिरवे काचांना, राखाडी चाकांना. आणि मला बजावलंस, "ताई, राखाड्यांना या तिघांच्या शेजारीसुद्धा बसवायचं नाही, सोयरीक तर लांबच राहिली." चाकावर ब्रेकची लोखंडी पूड बसलेली असते, ती टॉवेलच्या बारीक धाग्यांत अडकते आणि धुऊनही पुरती निघत नाही. हे तू मला उन्हात टॉवेल धरून, एकेक कण चिमटीत पकडून दाखवलंस. एकदा तुला खूश करायचं म्हणून मी शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं सुवासिक औषध घातलं. टॉवेल असे गुळगुळीत झाले की पाणी शोषेनात, नुसतं इकडून तिकडे ढकलायला लागले. तू डोक्याला हात लावलास, पण ओरडला नाहीस. व्हिनेगर घालून दोनदा धुतलेस आणि म्हणालास, "वास गाडीला येऊ दे, टॉवेलला नको." जमिनीवर पडलेला निळा टॉवेल तू झटकून परत वापरला नाहीस कधी. ओळखू यावा म्हणून त्याचा कोपरा कापायचास आणि चाकांच्या बादलीत टाकायचास. मी म्हणायची, बिचाऱ्याला एका चुकीची जन्माची शिक्षा. तू हसायचास.

दाताच्या डॉक्टरांची ती काळी गाडी मी विसरले असेन, असं तुला वाटत असेल. नवी कोरी होती. तू दोन दिवस तिच्यावर खपलास, जेवायलासुद्धा उभ्या उभ्या. डॉक्टर न्यायला आले, गाडी बाहेर उन्हात काढली, आणि बॉनेटभर, दारांवर, सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा, आतल्या दिव्यात न दिसलेल्या. डॉक्टर नुसते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. तेच जास्त लागलं. भावोजींनी तुला त्यांच्यादेखत, कारागिरांदेखत झाडलं. "हात जड आहे तुझा, वर घाई. बहिणीचा भाऊ म्हणून ठेवला, नाहीतर केव्हाच घालवला असता." तू ॲप्रन काढून खुंटीला लावलास. घडी करून. रागाने निघालेला माणूस घडी करत नाही रे. तू रागावला नव्हतास, तुझा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. त्यानंतर तू पॉलिशचं मशीन हातात धरलं नाहीस, पार्सलची गाडी चालवायला लागलास, तेही दुसऱ्या गावात. तीन वर्षं.

आता जे लिहायचं ते लिहिते. त्या आठवड्यात सासूबाई अंथरुणावर होत्या. दिवसाला तीन तीन चादरी निघायच्या. घरचं धुणं, दुकानचं धुणं, त्यांचं सगळं करणं, मी उभ्यानेच पेंगत होते. त्या दिवशी मशीनसमोर चार बादल्या होत्या आणि चार फेऱ्या लावायचं माझ्यात त्राण नव्हतं. मी सगळे टॉवेल एकदम कोंबले. राखाडी, निळे, पिवळे, सगळे. वर वाळवायला गरम हवा पूर्ण सोडली, लवकर आटपावं म्हणून. धागे करपून टोकं कडक झाली असणार, त्यात ती लोखंडी पूड. घड्या घालताना हाताला खरखरीत लागलं मला. मी घड्या घातल्या आणि तुझ्या मांडणीत नेऊन ठेवल्या. तू तपासले नाहीस, कारण धुतले मी होते.

ॲप्रन खुंटीला लावल्यावर तू आत आलास आणि एकच विचारलंस, "ताई, टॉवेल वेगवेगळेच धुतले होतेस ना?" मी म्हटलं, "हो." तू मान हलवलीस. मला वाटलं, दोन दिवसांत यांचा राग उतरेल, मग सांगू. मग सासूबाई गेल्या. मग वाटलं, आता तर तू नोकरीला लागलास, जुनं उकरून काय करायचं. दरवेळी काहीतरी सापडत गेलं. न सांगायला माणसाला कारण फार सहज मिळतं.

काल सकाळी एका मोठ्या गाडी-दुरुस्ती केंद्रातून फोन आला. तिथल्या पॉलिश विभागाचे साहेब होते. तू अर्ज केलायस, आधी कुठे काम केलंस म्हणून आमचं नाव दिलंयस. तू पुन्हा त्या कामाकडे वळलास, हे मला परक्याकडून कळलं. भावोजी म्हणाले, "माणूस सरळ आहे, पण हात कच्चा. एक गाडी पार खराब केली होती." मी शेजारीच घड्या घालत होते. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. घेतला म्हणजे ओढलाच. साहेबांना म्हटलं, ती गाडी त्याने खराब केली नाही, टॉवेल चुकीचे धुतले गेले होते, आणि त्याच्याइतका हलका हात मी या दुकानात आधी पाहिला नाही, नंतरही नाही. भावोजी माझ्याकडे बघतच राहिले. आज सकाळी फक्त म्हणाले, "त्याचा नंबर तोच आहे का?" त्यांचा फोन आला तर घ्यायचा की नाही ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही तेही. पण पुढच्या गुरुवारी साहेब तुला कामाचा हात बघायला बोलावणार आहेत. तिथे जाताना आपला हात जड आहे हे डोक्यात घेऊन जाऊ नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र. काल फोन ठेवता ठेवता साहेबांनी विचारलं होतं, "आपण त्यांच्या कोण?" बहीण म्हटलं असतं तर बाजू घेतेय असं वाटलं असतं त्यांना. मी म्हटलं, "मी इथले टॉवेल धुते."

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
ताई