फ्लॉसीकडून परत आणलेला तवा

वसई,
मंगळवार, १२ जून १९८४

भाऊ प्लासिड यास,

ॲनीबायचा आशीर्वाद आणि एक गालगुच्चा. नंदाखालला केळी, पोरं, तुझं पोट, सगळं वाढतंय ना? मी ठणठणीत. तुझे भावोजी देवाघरी गेल्यापासून ओरडणारं कोण नाय, म्हणून तब्येत सुधारलीय.

आमच्या मार्सेलच्या विनीचा आजार तुला ठाऊक आहे, थॅलेसेमिया. (मी दोन महिने थाळीशेवया म्हणत होते, आणि घरात शेवया बंद केल्या.) दर तीन आठवड्यांनी मुंबईला नेऊन रक्त चढवतात. रक्त वाढावं म्हणून मी पोरीला खजूर, कलेजी, शेवग्याचा पाला, सगळं लोखंडी तव्यावर करून घातलं. डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. म्हणे, ‘आजी, चढवलेल्या रक्तातून हिच्या अंगात लोखंड साठतं, तुम्ही आणखी कशाला भरताय?’ लोखंड! घरी येऊन मार्सेलच्या फुटक्या रेडिओतलं लोहचुंबक काढलं आणि पोरगी दुपारची झोपली असताना तिच्या पोटावर धरलं. चिकटलं नाय. नेमकी सून आली. रिटा महिनाभर मार्सेलशी धड बोलत नव्हती (आजार कुणाच्या घरून आला, यावरून; डॉक्टरीणबाई तर म्हणाली होती, दोघांकडून निम्मा निम्मा, दोष कुणाचाच नाय). ती चुंबक बघून मटकन खाली बसली आणि हसत सुटली. मग मार्सेलपण. त्या दिवशी दोघं एका ताटात जेवली. मी मुद्दाम मांजराशी बोलत बसले.

तवा शेजारच्या फ्लॉसीला दिला. ती गावभर सांगते, पोरीला दृष्ट लागलीय. पुढच्या खेपेला रक्त द्यायला मीच गेले. वय पन्नास सांगितलं. (हसू नको.) बोटातून थेंब काढून बाई म्हणते, ‘आजी, तुमचंच रक्त कमी. खजूर, पाला तुम्ही खा. लोखंडी तव्यावर!’ गेले तवा मागायला. फ्लॉसी म्हणाली, ‘काय गं, दृष्ट उतरली?’ म्हटलं, ‘हो, माझ्यावर उतरली, आण तो तवा.’

बाकी मुद्दाम कळवण्यासारखं काय नाय.

तुझी,
ॲनीबाय

ता.क. एक राहिलं. विनीला रक्त देणारा आलोशियस काविळीने पडलाय. सोमवारी चढवायचंय, आत्ताच पोरगी ओट्याच्या दोन पायऱ्यांत धापा टाकते. तुझा गट जुळतो, तुझ्या अपेंडिक्सच्या कागदावर मी वाचलाय. रविवारी ये. सुई अगदी बारीक असते. (नसते.)

आणखी ता.क. विनी मांडीवर बसलीय. शाळेत देवी टोचायला आले तेव्हा तू केळीत पळालास, ते तिला सांगितलं. विचारते, ‘प्लासिड आजोबांचं रक्त घेतलं तर मीपण पळेन?’ म्हटलं, पळशील गं. तेवढ्यासाठीच तर बोलावतेय.