खिडकीजवळची खाट

प्रिय चिमे,

गेल्या रविवारी तू येऊन गेलीस म्हणे. मी गाढ झोपले होते, म्हणून 'झोपू दे तिला, किती शांत झोपलीय' असं म्हणत पांघरूण सारखं केलंस आणि निघालीस. शेजारच्या मावशींनी सांगितलं. मोठी गुणाची माझी लेक! पण मी शांत नव्हते गं.

इथे वृद्धाश्रमात खिडकीजवळची खाट मिळाली म्हणून मी केवढी खूश झाले होते, आठवतं? तिथे आधी मास्तरीणबाई होत्या. दिवसभर पेंगायच्या, आणि डोळे उघडले की समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगायच्या, पाय जवळ घ्या जरा. आम्ही तोंड दाबून हसायचो. त्या गेल्या, चादर बदलली आणि मला तिथे हलवलं. आठवड्याभरात माझे हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. मग एका दुपारी, लख्ख उन्हात, खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसलं. तोंड भिंतीकडे, केस ओले, पाय पसरलेले, पार माझ्या चपलांपर्यंत. आणि मी म्हणाले, पाय जवळ घ्या जरा. बाईंचंच वाक्य, माझ्या तोंडून!

मी काही भित्री नाही. तुझ्या बाबांच्या मागे शिवणयंत्रावर घर ओढलंय. म्हटलं, भूत तर भूत, पण बाईंना दिसायचं तेच मला का? दुसऱ्या दिवशी गोळ्यांचा ट्रे आला तेव्हा नीट बघितलं. वाट्यांवर नावं नाहीत, खाटांचे नंबर आहेत. माझी बीपीची गुलाबी गोळी नव्हतीच, बाईंच्या पिवळ्या होत्या. माणूस हललं, गोळ्या खाटेलाच चिकटून राहिल्या. अगं, कापड माणसाच्या मापाने बेततात की खुर्चीच्या? तेव्हापासून पिवळ्या गोळ्या गालात धरते आणि रुमालात टाकते. खुर्ची रिकामी झाली. पण माझ्या जुन्या खाटेवर एक आजी आल्यात, त्यांचं बीपी मुळातच कमी, आणि माझी गुलाबी गोळी आता त्यांच्या वाटीत. काल त्या जेवता जेवता कोसळल्या.

मी सिस्टरना सगळं सांगितलं. ती वाईट नाही, एकटी सगळा मजला सांभाळते. पण खुर्चीतल्या माणसाचं मी आधीच तिच्यापाशी बोलून बसले होते ना! आता काहीही सांगितलं की हात थोपटून म्हणते, "आजी, भास होतात तुम्हाला." आली का पंचाईत? डॉक्टरही हसले.

आज रुमाल सापडला. उद्यापासून गोळ्या कुटून माझ्या दुधात घालणार आहेत. खाण्यापिण्यावाचून किती दिवस काढणार मी? म्हणून हात स्थिर आहे तोवर लिहितेय. चिमे, लगेच ये. मी झोपलेली दिसले तर झोपू देऊ नकोस. हलव, तोंडावर पाणी मार, आणि वाटीतली गोळी कुणाच्या नावाची आहे ते सगळ्यांसमोर विचार. त्या आजींचीही विचार. आणि तू खुर्चीत बसलीस आणि मी तुला म्हणाले, पाय जवळ घ्या जरा, तर रागावू नकोस. मी तुला ओळखलेलं नसेन. तेव्हा तर मुळीच घरी जाऊ नकोस.

तुझीच,
अजून जागी असलेली आई