ऊन वाढलं की डांबर वर येतं

१० जानेवारी, शनिवार

आधी कादंबरी उतरली. गाडी नीट थांबलीही नव्हती, तोवर हिचा पाय खाली. मी भाकरतुकडा ओवाळायला दारातच उभी. कादंबरी म्हणजे माझ्या सुनेची, लीनाची वहिनी. मागून लीनाचा भाऊ हृषिकेश. सिडनीच्या कॅसल हिलहून दोन दिवस गाडी चालवत आली बिचारी. आमचं हे गाव ब्रोकन हिलच्याही पलीकडे, इथे घरी कोण येणार? इतकं बरं वाटलं की कुंकू दोनदा लावलं.

गाडी मूळची पांढरी. चाकांवर, दारांवर सगळीकडे डांबर आणि त्यात अडकलेली खडी. थेट शेंगदाण्याची चिक्की. हृषिकेश म्हणाला, "सलिलराव, तुमचा रस्ता आम्ही बरोबरच घेऊन आलो." सगळी हसली. सलिल, माझा लेक, तेवढा हसला नाही. उकिडवा बसला आणि नखाने एकेक खडा उकरायला लागला. आलेल्या माणसांना या-बसा म्हणायचं भान नाही.

आंब्यांची पेटी आणलीय. इथे आंबे जानेवारीत! नुपूर तीन खाऊन झोपली. दहा वर्षांची झाली, तरी कोय चोखताना कोपरापर्यंत ओघळ.

११ जानेवारी

सलिलच्या रस्त्याचं मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. उकळतं डांबर फवारतात, वर खडी पसरतात, मग रोलर. दिवाळीच्या आधी सलिलने माणसं लावून केला. गावाला येणारा डांबरी रस्ता हा एकच. डिसेंबरात ऊन वाढलं तसं डांबर वर आलं आणि खडी खाली बुडाली. त्यात खाणीचे ते आगगाडीएवढे ट्रक ह्याच रस्त्याने सोडले. त्यांची चाकं सगळं उचलून नेतात. सलिल पहाटे माणसं घेऊन जातो आणि त्यावर कच, म्हणजे बारीक खडी, पसरतो. घामोळ्यांना पावडर लावावी तसं. दुपारी परत तेच.

त्याने लीनाला शब्द दिला होता. रस्त्याने एक उन्हाळा काढला की आपण सिडनीला जायचं, नुपूरची शाळा तिकडे. म्हणून तर लीनाने इथे तीन वर्षं काढली. आता तो उन्हाळा आला, आणि हा असा.

१२ जानेवारी

शेहेचाळीस डिग्री. अंगणातली दोरी हाताला चटका देते. कपडे पाच मिनिटांत पापड.

१४ जानेवारी, संक्रांत

काळं नेसावं म्हणून काळी साडी काढली आणि परत ठेवली. भाजून निघाले असते.

तिळगूळ केला. पाक चांगला गोळीबंद आला होता, तरी लाडू वळेपर्यंत ताटात पसरले. नुपूर म्हणाली, "आज्जी, it's just like Baba's road!" पोरीने सहज म्हटलं.

मग सलिलनेच काढलं. म्हणाला, वरच्या साहेबांचं पत्र आलंय, रस्ता पुन्हा करायचा. अजून एक उन्हाळा.

लीना ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. नुसतं म्हणाली, "मग तू कर."

हृषिकेश म्हणाला, "अहो, सिडनीत रस्ते नाहीत का?"

"आहेत ना. ते दुसऱ्यांनी केलेत. हा मी केलाय."

"म्हणून काय ह्याच्याशी लग्न लावलंय?"

कादंबरीने नवऱ्याचा पाय दाबला, मला दिसलं. लाडू चमच्याने खाल्ले. गोड बोला तरी कुणाला म्हणायचं?

१५ जानेवारी

लीना म्हणाली, "आई, भांडून नाही जात. फेब्रुवारीत शाळा सुरू होईल. दादाकडे खोली आहे, मलाही तिथे ऑफिस आहे. इथे मी आणि भिंती." खोटं काय आहे त्यात? मी सलिलची आई, पण माझ्याही तोंडून 'नको जाऊ' निघेना. नुपूरच्या केसांना तेल लावत बसले. जरा जास्तच लावलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

पहाटे सलिलबरोबर रस्त्यावर गेले. मीच हट्ट केला. उजाडायच्या आतच डांबराचा वास. एका जागी काळं नुसतं चमकत होतं, ओलं असावं तसं. पायाने दाबलं तर चप्पल तिथेच राहिली. सलिलने सोडवून दिली, लहानपणी मी त्याची चिखलातून सोडवायची तशी.

म्हटलं, "अरे, तिला थांब म्हण."

"काय देऊ म्हणून थांबवू, आई? हे?"

"मग तू जा तिच्याबरोबर. मी येते सामान आवरून."

"असा टाकून? कुणाची गाडी घसरली तर?" त्या चमकणाऱ्या जागेवर फावडंभर कच टाकली. नंतर म्हणाला, "उद्या त्यांना लवकर काढ. आठच्या आत ह्या पट्ट्यातून बाहेर पडायला हवं."

घरी येऊन दशम्या केल्या. मीठ विसरले.

१७ जानेवारी, शनिवार

गेली. लीना, नुपूर, सगळी.

सलिल तीन वाजताच उठून गेला. मला वाटलं, निरोप द्यायला नको म्हणून पळाला. नंतर हृषिकेशचा फोन आला, "काकू, सलिलरावांनी त्या पट्ट्यात सगळीकडे ताजी कच टाकून ठेवली होती. रोलरसुद्धा फिरवला होता. गाडीला एक डाग नाही." स्वतःच्या बायकोला-पोरीला जायला त्याने वाट करून दिली. लेकरा, इतकं कुणी चांगलं असू नये.

नुपूरने गाडीतून हात केला म्हणे बाबाला. तो बाजूला फावडं घेऊन उभा होता.

१८ जानेवारी

चार ताटं मांडली. दोन उचलली.

२० जानेवारी, मंगळवार

निघताना हृषिकेशने शब्द दिलाय, "काकू, पाडव्याला आणतो दोघींना." मी आज सलिलला ते सांगितलं. म्हणाला, "त्या दिवशी रस्ता बंद आहे. नवं डांबर टाकायचंय. तारीख आजच साहेबांना कळवली, मीच निवडली."

म्हटलं, "अरे, पण त्याच दिवशी ती येणार ना?"

"म्हणूनच. नाही आली, तर रस्ता बंद होता म्हणता येईल."

कॅलेंडर काढून पाहिलं. पाडवा, गुरुवार, १९ मार्च.