जानरावचा दुपट्टा

३ मार्च
लागली एकदाची नोकरी, बाप्पा! अमरावतीत क्लासेसच्या खुर्च्या झिजवल्या, आता हा कुलदीप यार्ड सुपरवायझर. अकोल्याजवळची ही छोटी खाजगी मालगाडी. इंग्रजाच्या काळात कापसाच्या गाठी न्यायले टाकलेली लाईन; आता सरकी, ढोराची ढेप अन् सिमेंट. इंजिन एकच. फाटक आलं का गाडीच थांबते, आपला माणूस उतरून फाटक लावते, गाडी गेली का उघडते अन् पळत येऊन चढते. हासून हासून पोट दुखलं. भगवंतराव इंजिन चालवते, अय्युबचाचा डबे जोडते. चाचानं डब्यातला ठेचा देला, डोळ्यात पाणीच आलं.

५ मार्च
इथली रीत चाचानं समजावली. डबे जोडाले माणूस दोन डब्यांच्या मधात शिरते. आधी आपला दुपट्टा डब्याच्या कडीले बांधते. दुपट्टा दिसते तोवर इंजिन हालत नाही. ज्याचा दुपट्टा, त्यानंच सोडायचा.
यार्डाच्या टोकाले एक जुना डबा उभा आहे, त्याले काळा पडलेला दुपट्टा. जानरावचा म्हणे, तोही डबेच जोडे. कोणीतरी टिंगलीत तो सोडला, इंजिन हाललं, जानराव मधातच चेंदला. लोकांनी दुपट्टा परत बांधला, तवापासून डबा जागचा हालला नाही. चाचा म्हणे, जानराव अजून मधातच आहे, हात नको लावू. मी म्हटलं, भुताची हजेरी कोण घेते चाचा?

९ मार्च
ढेप पडून होती, डबा कमी. मीच गेलो, जुन्या डब्यावरचं जानरावचं फडकं सोडून फेकलं. चाचा जोडाले नाही म्हणे. माझं डोकं सरकलं. जोडत नसान तर घरी बसा, म्हटलं. बिचाऱ्यानं आपला हिरवा दुपट्टा बांधला अन् मधात शिरला.
इंजिन हाललं.
दोन डब्यांच्या बफरनं छाती दाबली. चाचा मेला नाही, तेच तर! तोंडातून रक्त, पण शुद्धीवर. पाणी मागे. त्या दाबानंच जीव धरून होता; डबे वेगळे केले का संपला, हे त्यालेही माहीत होतं. पोरगी अफसाना आली, कपाळावरून हात फिरवला. मंग भगवंतरावनं इंजिन मागं घेतलं. चाचा गिट्टीवर पडला — सगळा एका जागी नाही.
भगवंतराव रडून रडून सांगे, डब्यावर दुपट्टा नव्हताच.
चाचाचा हिरवा दुपट्टा माझ्या खांद्यावर होता. मी नाही सोडला. आईची आण.

११ मार्च
अफसाना दुपट्टा मागाले आली. माझी मूठ उघडेना. भगवंतरावनं ओढला, मी लोखंडी सब्बल घातली त्याच्या मनगटावर. हाड मोडलं. दुसऱ्यांदा घातली. मले बरं वाटलं — मले?

१२ मार्च, दुपार
यार्डात एकटाच. इंजिन बंद. जुन्या डब्याकडून चाचाचा आवाज — डबा जोडाचा आकडा लागत नाही, ये म्हणे. जाणार नाही.

मधात उभा आहो. कसा आलो — हिरवा दुपट्टा कडीले बांधला. गाठ पक्की. दिसते तोवर हालत नाही. रीतच आहे.
काळी बोटं. गाठ सोडून राहिली. जानरावभाऊ, माफ —

बंद इंजिन हाललं. बफर छातीवर. मेलो नाही. वही हातात आहे. छाती आहे का नाही, समजत नाही. तहान —
भगवंतराव आला. पट्टी बांधलेल्या हातानं इंजिनवर चढून राहिला. मले सोडवाले. आवाज निघत नाही माझा. मागं नको घेऊ भगवंतराव, थोडा वेळ, मले अजून —