आत्याची दिव्याची बेल

कल्पना करा, तुम्ही शाळेतून घरी आलात आणि रोज टेबलाशी बसणारे आजोबा जागेवर नाहीत. गार इस्त्रीखाली फक्त एक चिठ्ठी आहे. ठमीचं तसंच झालं.

"ठमे, काल तू चिडून केराच्या बादलीत टाकलेला, आत्याच्या बेलचा तांबं चढवलेला सर्किट-बोर्ड मी काढून ठेवलाय. दोन्ही बाजूंच्या भोकांच्या खुणा जुळल्या नाहीत हे खरं, पण तांबं खाणाऱ्या द्रावणात तो अजून गेलेला नाही, म्हणजे काहीच बिघडलेलं नाही. शाई आत्याकडून थिनरने पुसून घे. दोन्ही बाजूंच्या नक्षीचे नवे दोन कागद छापून ठेवलेत. छापील बाजू आत करून ते खिडकीच्या काचेवर धर. उजेडात कोपऱ्यांतले ठिपके एकावर एक आले की कडेला चिकटपट्टी लाव, मगच बोर्ड मधे सरकव. कागदावरची शाई तांब्यावर उतरवायची इस्त्री आणि नंतरचं द्रावण मात्र आत्याचं काम. तू हात लावलास तर बघ!

चूक तुझी नव्हती गं. कागद मी जुळवले होते. मला हल्ली एका ठिपक्याचे दोन दिसतात, त्यातला एक मी अंदाजाने धरला. म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात चाललोय. गुरुवारी दुपारी परतेन, तेव्हा तू शाळेत असशील. आत्याला बेल ऐकू येत नाही, दिवा लागला तरच ती दार उघडेल. मला पायरीवर बसवू नकोस.
आजोबा"

ठमीने दप्तर खांद्यावरून काढलंसुद्धा नाही. कागद काचेला लावून, एक डोळा मिटून तिने चारही ठिपके जुळवले आणि चिकटपट्टी लावली. मग बोर्ड घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, आत्याच्या खांद्यावर थाप मारून तिला टेबलाशी आणलं आणि आधी थिनरच्या बाटलीकडे, मग इस्त्रीकडे बोट दाखवलं.