चहा विमान उतरल्यावर

नाना, तुमच्या नातीचं सांगायचंय म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा ती झालीही नव्हती, आता लग्नाला आलेली घोडी आहे. आयटीआय केलं तिनं, फिटरचं. तुमच्याच कारखान्यात शिकाऊ म्हणून राहिली आणि आता त्यांनी कामावर बोलावलंय, नवीन लढाऊ विमान बांधतात त्या शॉपमध्ये. सोमवारपर्यंत हो का नाही ते कळवायचं होतं. महिनाभर ती विचारत होती आणि मी नाही म्हणत होते. कारण विचारलं की रोज नवीन काढायचे. पाळ्या असतात, अवेळी यावं लागेल. दिंडोरीचं स्थळ आलंय, त्यांना घरात राहणारी पोरगी पाहिजे. हायवेनं गाडीवर जायचं, ट्रकवाले बघत नाहीत. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आई, हे कालचं झालं. आजचं कारण सांग." जीभ माझ्यावर गेलीय, काय करू.

माझंही सांगते. ओझरला सर्व्हिस रोडला माझी चहा-मिसळीची टपरी आहे. तुमचे जावई द्राक्षाच्या बागांत छाटणी-फवारणीला जातात, टपरी माझी एकटीची. शनिवार-रविवारी तिथं विमानवेड्यांची टोळी जमते. तुमच्या वेळी असली माणसं नव्हती. पंचवटीचे एक बँकवाले साहेब आहेत, गळ्यात दुर्बीण. एक रिटायर मास्तर. आणि एक मालेगावचा, त्याचे लूम आहेत, तो मोटारसायकलवर येतो आणि आल्या आल्या भांडायला सुरुवात करतो. फोटो काढायला मनाई आहे, म्हणून नुसते आभाळाकडं बघतात आणि बोलतात. चीननं बिनशेपटीचं विमान काढलं, पाकिस्ताननं चीनकडून अमुक घेतलं, कोरियावाले आपल्या मागून आले आणि पुढं गेले, जपान कुणाबरोबर तरी नवीन बांधतोय, आणि आपलं इंजिन अमेरिकेहून यायचंय ते येतच नाही. विमानांच्या पिढ्या असतात म्हणे. चौथी, साडेचौथी, पाचवी. मी एकदा म्हटलं, साडेचौथी पिढी कशी असते, आमच्यात नातू एकतर झालेला असतो नाहीतर नसतो. मास्तर हसले. मालेगाववाला मात्र बसून समजावायला लागला, रडारवर दिसणं काय न् न दिसणं काय, माझा पाव थंड झाला तरी थांबेना. भला माणूस आहे. पण त्याला वाटतं चीनला ओझरच्या बाकड्यावरून थांबवता येईल.

या लोकांना माझा एक नियम चांगलाच माहीत आहे. पलीकडं कारखान्याच्या धावपट्टीवरून विमान उठलं की मी गॅस बंद करते. ते उतरेपर्यंत कुणाला चहा नाही, मिसळ नाही. पहिल्यांदा बँकवाले साहेब चिडले, म्हणाले, काकू, आम्ही गिऱ्हाईक आहोत का कैदी? मी म्हटलं, पुढं दुसरी टपरी आहे, तिथं जा. गेले नाहीत. आता तेच नवीन आलेल्याला सांगतात, थांबा, अजून वर आहे. सगळ्यांना वाटतं मला विमानांचं फार वेड.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. सकाळी तुम्ही निघताना आईसमोर खिसे रिकामे करायचात. नाणी, तंबाखूची डबी, किल्ली, सगळं चुलीशेजारच्या कोनाड्यात. शर्टाचं बटण लोंबत असेल तर आई तिथल्या तिथं दातानं दोरा तोडायची, कारण विमानाच्या पोटात बटण पडलं तर सगळं विमान उघडावं लागतं. तुमचं काम चाकांचं. मिग विमान ओव्हरऑइलला आलं की, मी तसंच म्हणायचे, ओव्हरहॉल नंतर कळलं, त्याचे पाय सोडवायचे, ब्रेक बघायचे, परत बसवायचे. मग विमान लोखंडी घोड्यांवर उचलून पाय आत-बाहेर, आत-बाहेर करून बघायचे. आणि ज्या दिवशी ते चाचणीला उडणार त्या दिवशी ते उतरेपर्यंत तुम्ही डबा उघडत नव्हता. बाकीची माणसं जेवायची. इंजिनवाले तर ते उठलं की जेवायला बसायचे, त्यांचं काम झालं. तुम्ही मैदानाच्या कडेला उभे. आणि इकडं आई, भाकऱ्या झाकून, चुलीपुढं बसलेली. आम्हाला वाढायची, स्वतः नाही.

एकदाचं मला नीट आठवतं. विमान गेलं आणि मागून ढग आले, एकदम काळोखी. त्याला पुण्याला उतरवलं. तुम्हाला तसं सांगितलं होतं, फोन आला होता, साहेबांनी पाठीवर थापही मारली होती. तरी तुम्ही संध्याकाळी घरी आलात ते भरलेला डबा घेऊन. सायकल भिंतीला लावलीत. आईनं डबा हातात घेतला, वजनावरून ओळखलं. मग तुम्ही सांगितलंत, उतरलं म्हणतात, पण मी बघितलं नाही. तेव्हा आई जे बोलली ते आमच्या घरात पुढं वर्षानुवर्षं चाललं. "तुमचं विमान पुण्यात जेवलं असंल, आन् तुम्ही इथं उपाशी. बसा आता." तुम्ही बसलात. मेथीची भाजी आंबली होती, तीच खाल्लीत, ताजी घेतली नाहीत. मी मांडीला मांडी लावून बसले होते. तुमच्या हाताला साबणाचा आणि खाली ग्रीसचा वास येत होता, दोन्ही वेगवेगळे.

आणि तो धपाटा. आम्ही पोरं रस्त्यावर होतो, विमान उठलं, कानठळ्या बसल्या, आम्ही उड्या मारून टाळ्या वाजवल्या. तुमची सुट्टी होती, तुम्ही दळण घेऊन येत होता. सायकलवरून उतरलात आणि माझ्या पाठीत एक ठेवून दिलात. बाकीच्या पोरांना काही बोलला नाहीत, मलाच. "चढायला काय, कायपण चढतं. उतरल्यावर वाजव." मी रडत घरी गेले. मग तुम्हीच मला माळवदावर नेलंत. विमान परत आलं, पाय खाली, टेकलं, शेपटातून त्याची वेग आवरायची छत्री सुटली आणि फुगली. तुम्ही माझे दोन्ही हात धरून एकमेकांवर आपटलेत. तुम्हाला स्वतःला टाळ्या वाजवता येत नव्हत्या, लाज वाटायची.

तुमची मिग मागं निवृत्त झाली, नाना. त्या दिवशी टपरीवर गर्दी होती. बँकवाले साहेब कुणाला तरी फोनवर सांगत होते, गेली एकदाची उडती शवपेटी. हे नाव मी आधीही ऐकलेलं, पेपरात यायचं. त्या दिवशी मात्र चहाचा ग्लास त्यांच्यासमोर जरा जोरात ठेवला गेला. मी म्हटलं, आमचे नाना तिच्या चाकाला होते. एवढंच. ते फोन ठेवून उभेच राहिले, म्हणाले, काकू, मी पायलट पोरांच्या हळहळीनं बोललो, कामगारांना नाही. मला ते पटलंही. कारण मला तुमचा तोही दिवस माहीत आहे, रेडिओवर सांगितलं की लांब वाळवंटात एक पडलं. आई म्हणाली, ते तुमच्या हातचं नसंल. तुम्ही म्हणालात, चाकं सगळ्यांची सारखीच. मागं मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत बसलात. का पडलं ते तुम्हाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलं नाही. मास्तरांनी मला त्या दिवशी विचारलं, नानांना अभिमान असेल ना? मी म्हटलं, भूक असायची.

आता गेल्या शनिवारचं. पोरीला वेळ होता म्हणून ती मदतीला आली होती, कांदा चिरत होती. टोळी नेहमीची. मालेगाववाला तावातावानं सांगत होता, चीन सहाव्या पिढीला पोचला आणि आपण अजून साडेचौथीचे पार्ट जोडतोय. पोरगी मान वर न करता म्हणाली, "काका, मग या की जोडायला. आम्हाला माणसं कमीच आहेत." त्यानं हात जोडले. तेवढ्यात पलीकडं आवाज झाला. नवीन विमान, लहानसं, तिकोनी. याला शिकाऊ असताना तिनं हात लावलेला. मी गॅस बंद केला. बाकीचे बाकावर उभे राहिले, पोरगी उठली नाही. ती विमानाकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.

लय वेळ लागला त्याला. एक फेरी मारून लांब गेलं, दिसेना, आवाजही बंद. टोळीचं बोलणं तिकडं चालूच, जपान आणि कोरिया आणि कुणाचं इंजिन. माझं लक्ष नव्हतं. मी शेगडीच्या कडेला धरून उभी होते, आईसारखीच. माझ्या पदराला पीठ लागलेलं, तेही तिच्यासारखंच. मग मला माझाच राग आला. वर कुणाचा पोरगा बसलाय मला माहीत नाही, खाली कुणाचा नवरा, कुणाची लेक उपाशी उभी आहे माहीत नाही, आणि मी वर्षानुवर्षं लोकांच्या विमानांसाठी चहा बंद ठेवतेय. पोरीला नाही म्हणून माझं काय सुटणार आहे? मी तर आधीपासून थांबलेलीच आहे. तिला दिंडोरीला दिली तरी मी इथं उभी राहणारच.

ते आलं. द्राक्षाच्या मांडवांवरून खाली येताना पाय खाली काढलेले दिसले. कुंपणामागं गेलं, टेकलेलं दिसलं नाही, आवाज बदलला तेवढा कळला. बँकवाले साहेब टाळ्या वाजवायला लागले, माझ्यामुळं त्यांनाही आता उतरल्यावरच वाजवायची सवय लागलीय. मी गॅस पेटवला. काडी पहिल्यांदा विझली.

पोरगी म्हणाली, "आई, खरं कारण हेच ना?"

मी म्हटलं, "कळव त्यांना. डबा मी भरीन."

"आणि उघडायला उशीर झाला तर?"

"तर मी इथं हाय. जा, पाव संपलेत, घेऊन ये."

ती गाडीची किल्ली घेऊन गेली. जाताना मागून येऊन मला घट्ट धरलं, गिऱ्हाइकांसमोर. मी म्हटलं, सोड, रस्सा उतू जातोय. उतू जात नव्हता.

काल तिनं होकार कळवला. दिंडोरीवाल्यांना तुमच्या जावयांनी सांगितलं, ते म्हणाले बघू. बघा म्हणावं. आज दुपारी टपरीवर कुणी नाही, म्हणून हे लिहिते आहे, फरसाणाच्या कागदावर. चौथीपर्यंतची मी, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही कधी तपासले नाहीत, आता तरी कशाला. कागद रद्दीत जाईल, नाहीतर कुणाला तरी यातच भजी बांधून देईन.

पण एक सांगते, ते या टोळीला सांगितलेलं नाही आणि पोरीलाही सांगणार नाही. मला विमानं आवडत नाहीत, नाना. कधीच आवडली नाहीत, त्या माळवदावरसुद्धा नाही. कान दुखायचे. तुम्ही रिकामा डबा घेऊन घरी यायचात, ते आवडायचं.