हातपंपामागचा ढीग

माय, भेस्तानचा आपला तबेला अजून आहे. म्हशी आता बारा झाल्यात, आणि शेणासाठी मी सिमेंटचा खड्डा बांधून घेतलाय. वर पत्रे टाकलेत, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही आणि शेणाचं पाणी बाहेर वाहत नाही. खड्डा हातपंपापासून लांब, उताराच्या अंगाला आहे. तुझाही तिथेच होता. आजूबाजूचे तबेलेवाले बघायला येतात, आणि मीही मोठ्या शहाणीसारखे हात नाचवत त्यांना समजावते. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

त्या खड्ड्याकडे जायची वाट शाळेच्या फाटकावरून जायची. सातवीत होते मी. डोक्यावर शेणाची पाटी आणि समोरून वर्गातल्या मुली, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून तू म्हशी धुवायला लागलीस की मी पाटी हातपंपाच्या भिंतीमागेच रिकामी करायची. शेणच तर आहे, शेणाने आपण उंबरठा सारवतो, त्याने कुणाचं काय वाईट होणार, अशी मनाची समजूत घालायची. अख्खा पावसाळा मी हे केलं.

मग एका सकाळी चाळीतली गुजराती शेजारीण दारात उभी राहते. "मासी, पानीमां वास आवे छे." तिच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी, जुलाबांनी पार सुकलेली. तू भिंतीमागे जातेस, ढीग बघतेस, मग माझ्याकडे बघतेस. सगळ्या बायका जमल्यात. मला वाटतं, आता माझ्या झिंज्या उपटणार. आणि तू त्यांच्याकडे वळून सगळं स्वतःच्या अंगावर घेत म्हणतेस, "मनी चूक शे. मीच टाकेल शे तठे."

चाळीतल्या निम्म्या घरांनी आपलं दूध बंद केलं. ढीग तू एकटीने उचललास, मला हात लावू दिला नाहीस. एवढंच म्हणालीस, "आते तिना घर पानी तू भरशी." पोर बरी झाली तरी मी दिवाळीपर्यंत लांबच्या नळावरून तिच्या घरी हंडे वाहत होते, आणि तोही रस्ता त्याच फाटकावरून. तू मला बडवलं असतंस ना, तर बरं झालं असतं.

ती पोर आता लग्न होऊन जवळच राहते, दूध आपल्याकडूनच नेते. काल गिऱ्हाइकांच्या गर्दीत हसत हसत म्हणाली, "तमारी बाए तो मने मारी ज नाखी हती!" म्हणजे तू तिला मारूनच टाकली होतीस. सगळे हसले. तुला जाऊन वीस वर्षं झाली, माय, तरी हा बोल अजून तुझ्याच माथी आहे. खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मीही हसले, आणि तिच्या किटलीत मापाच्या वर थोडं दूध घातलं.

हे तिला सांगायला हवं, कळतं मला. तुला लिहितेय, कारण तुला वाचता येत नव्हतं.